बेड चारचा पेशंट सुटतो

३ मार्च
शेवटच्या भागाचं वेळापत्रक आलं. युद्धातल्या हॉस्पिटलवरची आमची मालिका. तिच्यात बेड चारवरचा बेशुद्ध सैनिक म्हणजे मी. अख्खा सीझन डोळे मिटून काढलाय. सोपं नाही. नाकावर माशी बसते.
माझ्यासाठी एकच ओळ आहे: 'बॉम्बहल्ला. बेड चारचा पेशंट सुटतो.' म्हणजे डिस्चार्ज! अखेर शुद्धीवर येणार. डायलॉग मिळणारच. बॉम्ब खोटा असतो. मी घाबरत नाही.

४ मार्च, सकाळ
आरशासमोर शुद्धीवर यायचा सराव. डोळे मिटल्यावर कसा दिसतो, हे कळायला मार्ग नाही. बाकी उत्तम.
आईला फोन करून सांगितलं, बेड चार सुटणार. आई म्हणाली, सुटला गं बाई एकदाचा, फार हाल झाले बिचाऱ्याचे.
सुटला असं म्हणतात खरं. पण कोणाला म्हणतात!

५ मार्च
लेखकाला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, सुटतो म्हणजे जातो. मी विचारलं, घरी? म्हणाला, वर.
घाबरलेलो नाही. नुसते हात गार पडलेत. मेलो की पुढच्या सीझनमधून बाद, आणि दुसरं काम हातात नाही. बायकोला कोणत्या तोंडाने सांगू?
योजना: असं मरायचं की प्रेक्षक खवळले पाहिजेत. मग झक मारत जुळा भाऊ म्हणून परत घेतील.

७ मार्च
स्फोटवाला म्हणाला, किरकोळ आवाज आहे, काळजी नको. म्हणताना स्वतःच्या कानात बोळे कोंबत होता. मी मागितले, तर म्हणे बेशुद्ध माणसाला कसले बोळे.
रिहर्सलला किंचित दचकलो. दिग्दर्शक ओरडला, कोमातला माणूस दचकत नाही. मी म्हटलं, तब्येतीत सुधारणा आहे. कोणी हसलं नाही.

८ मार्च
शूटिंग. निश्चय: हलायचं नाही.
धडाम! पुढचं आठवतं ते पलंगाखालचं. 'आई गं' कोण ओरडलं याची चौकशी चालू होती. मीही चौकशीत भाग घेतला.
दुसऱ्या टेकला सलाइनच्या स्टँडसकट दारापर्यंत पोचलो. खरं लिहायचं तर फार भ्यालो. जीव जाणार असंच वाटलं.
दिग्दर्शक अगदी प्रेमाने म्हणाला, जा, चहा घेऊन ये. चहा घेताना आत धडाम झालं, कप सांडला. परत गेलो तर म्हणाले, झालं तुमचं काम, निघा.
क्लोजअप आधीचे वापरतील. तसं चांगलंच झालंय.

१५ मार्च
आज शेवटचा भाग लागला. आई, बायको, शेजारी, सगळे टीव्हीसमोर. मी आपला मागे खुर्चीत.
धूर. धडाम. बेड चार. डोक्यापर्यंत पांढरी चादर. सगळे सैरावैरा पळतायत, पण चादर तसूभर हलली नाही.
आई हमसून रडली. बायकोने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, अहो, सीझनभर तुम्ही नुसते झोपल्यासारखे वाटायचात, आज पहिल्यांदा जीव ओतलात. आता बघाच, पुढच्या सीझनला तुम्हाला सोडणार नाहीत.
चादरीखाली दोन उशा होत्या.
मी थँक यू म्हणालो.