सरकारने न पाहिलेला उजेड

आंबागड, ९ नोव्हेंबर २०२४

चि. तेजराम यास बायजाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून घाबरू नको. माहा मोबाईल पोलिसांनी चौकशीसाठी जमा केला, म्हणून हे पत्र.

मागच्या आठवड्यात दिवस बुडताना मी अन् तुहे भाऊजी तलावात जाळं टाकून राहिलो होतो. किल्ल्याकडून हिरवा उजेड आला. आवाज नाही, काही नाही. पाण्यावर थांबला अन् सरळ वर निघून गेला. मी मोबाईलमध्ये धरला आणि ग्रामसेवकाले दाखवला. तिथंच फसली.

आता तहसिलातून समिती आली आहे. तिनं पयले तलाव बंद केला, मंग उजेड कोणत्या खात्याचा यावर बैठक घेतली. वनखातं म्हणते तो झाडावर नव्हता, मासोळीखातं म्हणते पाण्यात नव्हता. समितीच्या साहेबानं मले विचारलं, त्यानं उडायची परवानगी घेतली होती काय.

काही दिसलं नाही असं आम्ही दोघांनी लिहून दिलं तर तलाव उघडतील म्हणे. तुहे भाऊजी सही करून आले. माह्या बाजूले बसून पाहिलं होतं त्यांनी, तेजराम. मी त्यांच्यासंग बोलणं सोडलं.

सौ. रिताले आशीर्वाद. आठवण ठेवजो.
तुही बाई


शहापूर, १४ नोव्हेंबर

ती. बाईस तेजरामचा शि. सा. नमस्कार.

तुहं नाव हायवेपर्यंत पोचलं. माह्या हॉटेलात गिऱ्हाईक विचारतात, वरचे पाहुणे चहा घेऊन गेले काय. मी सांगतो, सध्या उधारीवर आहेत.

पण बाई, भाऊजींवर राग नको धरू. घरात चूल पेटावी म्हणूनच सही केली असन त्यांनी. तूही करून टाक. आकाशातल्या उजेडासाठी घरात अंधार कायले? रिता मात्र म्हणते, करू नका. तिचं ऐकू नको, ती तुह्यासारखीच आहे.

तब्येतीले जप, अन् या लहान भावावर माया असू दे.
तेजराम


आंबागड, २७ नोव्हेंबर

चि. तेजराम यास आशीर्वाद. वि. वि.

मी सही नाही केली. मंग साहेबानं माहे डोळे तपासाले पाठवले. डॉक्टरनं डोळे चांगले आहेत असं लिहून दिलं, तर डॉक्टरचे डोळे कोणी तपासायचे, असं पत्र साहेबानं वर पाठवलं.

काल संध्याकाळी समिती तलावाच्या पाळीवर तपासणीले आली. अन् तो उजेड आला. तोच, हिरवा. सगळ्यांनी पाहिला. साहेबाच्या हातातली चहाची कपबशी हिरवी दिसून राहिली होती. साहेबानं हळूच तलावाकडे पाठ केली, मंग साऱ्या समितीनं केली. साहेब सोबतच्या कारकुनाले म्हणाले, लिहा, तपासणीत काहीही आढळलं नाही. पंच म्हणून तुह्या भाऊजींपुढे कागद ठेवला.

तलाव बंदच होता, तेजराम. घरात तांदूळ सरत आले होते, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी पेन खाली ठेवला अन् म्हणाले, "साहेब, मी आजबी पाह्यलो अन् त्या दिवशीबी पाह्यलो. त्या दिवशी मी खोटं लिहून देल्लो. माही बायको खरी आहे."

मंग साहेबानं घाईघाईनं चौकशी संपली, तलाव उघडा, असं सांगितलं अन् गाडीत बसले. जाताना खिडकीतून मले हळूच विचारलं, तो रोज येते काय.

आज सकाळी आम्ही डोंग्यात बसलो. इतक्या दिवसांनी मीच पयले बोलली. जाळं कुठं टाकायचं, इतकंच विचारलं. त्यांनी जाळं माह्याच हाती देऊन वल्हं धरलं.

रिताले सांग, तिचं ऐकलं. तुम्हा दोघांचा जीव आमच्यात राहू द्या.
तुही बाई