मले, तुले आणि अक्कलदाढ

नागपूर
४ नोव्हेंबर

ती. पंचफुला आत्यास,
सत्यवतीचा सा. न. वि. वि.

तू गावच्या मार्तंडभाऊंच्या गाडीतून पाठवलेली संत्री पोचली. बाबांनी नेहमीप्रमाणे, आमच्या ताईच्या बागेतली म्हणत अर्ध्या गल्लीला वाटली. मला मात्र एक फोडही चावता आली नाही. माझी खालची अक्कलदाढ आडवी येते आहे. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. बाकीचे दात शाळेच्या प्रार्थनेला उभे असावेत तसे सरळ, आणि ही बया कडेला झोपलेली. काढावीच लागेल म्हणतात. बाबांचं म्हणणं, आता कुठे पोरीला अक्कल येत होती, ती काढून कशाला टाकायची.

मी दोनदा वेळ घेतली आणि दोनदा मोडली. आई भयंकर चिडली आहे. आमचं ऑफिस लकडगंजात, समोर दिवसभर आरा मशीन चालते. लाकूड चिरल्याचा आवाज आला की माझा हात आपोआप गालावर जातो. इंजेक्शननं खरंच सगळं बधिर होतं का? मध्येच उतरलं तर? तोंडात अवजारं असताना सांगायचं कसं? आई म्हणते, मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस. आईच्या मुंग्या मला लहानपणापासून ठाऊक आहेत.

मला तुझ्या बागेतला तो काटा आठवतो. संत्र्याची कलमं ज्या जंबेरीवर बांधता, तिचा काटा माझ्या टाचेत गेला होता. सगळे म्हणत होते, काही होत नाही, तिकडे पोपट बघ. तू एकटीच सुई तापवत म्हणालीस की दुखेल, चांगलंच दुखेल, ओरडायचं तर ओरड पण पाय हलवू नको. दुखलं. पण तू सांगितलंस तेवढंच दुखलं. तेव्हापासून मी फक्त तुझ्या शब्दावर विसंबते.

तू आमच्याकडे राहून तुझी उजवी अक्कलदाढ काढून घेतलीस तेव्हा मी अमरावतीला होस्टेलवर होते. तुझ्याबरोबर आईच गेली होती. तेव्हा काय झालं, कितपत दुखलं, ते खरं खरं लिही. फोन नको. तो कामिनीवहिनीच्या हातात असतो आणि स्पीकरवर अख्खं घर ऐकतं. तुझं पत्र आलं की त्यावर ठरवीन, खुर्चीत बसायचं की नाही.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो संत्र्यांसारखा दर हंगामात येत राहो.

तुझी,
सत्यवती


नरखेड
८ नोव्हेंबर

चि. सत्यवतीस,
पंचफुला आत्याचे अ. उ. आ.

तुही चिठ्ठी भेटली. तुले खाता येत नाही म्हणून मीही संत्रं सोडलं, असं लिहिणार होती. पण खोटं काहून लिहू, रोज खाऊन राहिली. तोड चालू आहे, अंगणात पेट्याच पेट्या. कामिनीले आणि मले, सासू-सुनेले, बसायले जागा नाही.

तुह्यं नाव मीच ठेवलं. आत्याचा मानच असते तो. तुह्या आईले मोनाली पाहिजे होतं. मी म्हणलं, मोनाल्या शंभर भेटतीन, माह्या भावाची पोरगी सत्यवतीच होईन. मंग तुह्या मास्तरीण आईनं तुले घरात कधी मले-तुले बोलू दिलं नाही, टोकून टोकून मला-तुला शिकवलं. पण नावाचा गुण काही गेला नाही. तुले खरं ऐकायची खोड लागली, ते माह्याच हाताचं फळ.

दाढेचं सवडीनं लिहिते. घाईत लिहायची गोष्ट नाही ते. तवर लवंग धर आणि कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करजो. इतकी भिऊ नको वं.

दोघांले आशीर्वाद सांगजो. माया पातळ होऊ देऊ नको.

तुही आत्या,
पंचफुला


नरखेड
१५ नोव्हेंबर

चि. सत्यवतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मला दाढ काढताना अजिबात दुखले नाही. प्रथम एक बारीक इंजेक्शन देतात. ते मुंगी चावल्यासारखे वाटते. त्यानंतर तोंड पूर्णपणे बधिर होते व दाढ केव्हा निघाली हे कळतसुद्धा नाही. तुला भिण्याचे काहीही कारण नाही. मनातील शंका काढून टाकाव्यात व डॉक्टरांना सहकार्य करावे. या वेळी ठरलेली वेळ मोडू नये.

कळावे, लोभ असावा.

तुझी आत्या,
पंचफुला


नागपूर
२४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

दाढ निघाली. संत्री पोचली. या दोन बातम्या आधी देते, कारण पुढचं लिहिताना मला नीट राहायचं जमणार नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी इतकी सुखावले की उशाशी घेऊन झोपले. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, आमच्या आत्याला काही दुखलं नाही आणि आमची आत्या खोटं बोलत नाही. गोळ्या घेऊन सूज उतरवली आणि वेळेवर जाऊन खुर्चीत बसले. सुरू करण्याआधी डॉक्टर म्हणाले की दाब जाणवेल, त्याला घाबरायचं नाही. पण दुखलं तर डावा हात वर करायचा, ते लगेच थांबतील.

थोड्या वेळानं दुखायला लागलं आत्या. खोल, पार कानापर्यंत. माझा हात मांडीवरून उचललासुद्धा होता. तेवढ्यात तुझं पत्र आठवलं. आत्याला तर अजिबात दुखलं नाही. मग हे दुखणं नसेलच, हा तो दाब असेल, मीच भित्री. मी हात परत खाली ठेवला आणि खुर्ची घट्ट धरली. डोळ्यांतलं पाणी कानात जायला लागलं तेव्हा डॉक्टरांच्याच लक्षात आलं. हात का वर केला नाही म्हणून ते रागावले. आणखी एक इंजेक्शन दिलं, आणि मग खरोखर काही कळलं नाही. म्हणजे औषध तिथे शेजारच्या ट्रेमध्येच होतं. मी फक्त हात वर करायचा होता, आणि तो तू धरून ठेवलास.

येताना ऑटोत आई आनंदाच्या भरात बोलून गेली की मी तुझ्यापेक्षा शहाणी निघाले. तू म्हणे सूज असतानाच काढायचा हट्ट धरलास, डॉक्टर नको म्हणत असताना. इंजेक्शन नीट चढलंच नाही आणि तू त्यांच्या बोटाला कडकडून चावलीस. माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता, मला ओरडतासुद्धा आलं नाही. घरी येऊन तुझं पत्र काढलं. पहिल्याच ओळीत ‘मला’. तू जन्मात कधी ‘मला’ लिहिलं नाहीस, ‘मले’ लिहितेस. आणि ते ‘सहकार्य करावे’ तर आईच्या शाळेतल्या फळ्यावरचं. पत्र आईपुढे धरलं तेव्हा तिनं कबूल केलं की मजकूर तिनं कामिनीवहिनीच्या फोनवर पाठवला आणि तू तो उतरवून काढलास. तिला त्याचं काही वाटत नाही. दाढ निघाली ना, म्हणते.

आईनं थाप मारली याचा मला राग नाही, ती पहिल्यापासून पोपटच दाखवत आली. पण तू, आत्या? माझं नाव सत्यवती ठेवणारी तू? तू केसानं गळा कापलास माझा. आता तुझं कुठलंही वाक्य आठवलं की ते तुझं की आईचं, हे आधी तपासावं लागतं. तो काटासुद्धा मी पुन्हा आठवून पाहिला.

जास्त लिहवत नाही.

सत्यवती


नरखेड
२९ नोव्हेंबर

चि. सत्यवतीस,
आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घेजो.

तुह्या चिठ्ठीनं दोन दिवस घास नाही उतरला. तुह्या आईचा, शामलाचा फोन आला होता. फोनवर रडली ते. पोरगी सूज घेऊन फिरून राहिली, जेवण सुटलं, तिले खरं कळलं तर कधीच काढणार नाही, म्हणे. मी म्हणलं, मी माह्या सत्यवतीले खोटं लिहीत नसते. तर म्हणे, ताई, मजकूर मी देते, तुम्ही फक्त उतरवा. मले वाटलं, दुसऱ्याचं खोटं उतरवलं तर ते आपलं होत नाही. म्हणून मी एकाही ‘मला’चं ‘मले’ केलं नाही. माह्या बोलीचा एक दाणा त्यात नको म्हणलं. तू त्यातच मले पकडलं.

आता हेही सांगते. माही डावी अक्कलदाढ लय दिवसांपासून दुखून राहिली. त्या उजवीच्या भेवानं कोणाले बोलली नाही, लवंगीवर काढले दिवस. आता गाल सुजला, तोंड पुरतं उघडत नाही. कामिनीनं पाहिलं आणि शामलाले कळवलं. शामलानं डॉक्टरची वेळ घेतली. मी येत नाही म्हणलं. पुन्हा ते खुर्ची नको मले.

मी विचारायच्या लायक नाही राहिली, तरी विचारते. दुखते का वं? तू लिहिशील तेच मी मानीन.

तुही,
पंचफुला


नागपूर
३ डिसेंबर

ती. पंचफुला आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसले आणि आईनं तिचा फोन माझ्यापुढे ठेवला. मजकूर तयार आहे. त्यात मुंगीही आहे. तू आली नाहीस तर सूज गळ्यापर्यंत उतरेल आणि जिवावर बेतेल, असं ती म्हणते. डॉक्टरांनाही विचारलं, तेही तेच म्हणाले. मी तो मजकूर उतरवला तर तू नक्की येशील. माझाही हात थोडा वेळ थांबला, हे लपवत नाही.

तुझं कारण वाचलं. पटलं नाही. उतरवलेलं खोटं खाली सही करणाऱ्याचंच असतं.

फोन आईला परत दिला. पुढचं माझं मी लिहिते. आई शेजारीच बसली आहे, टोकेल तर टोको.

आत्या, दुखेल वं. सुई टोचते तवा चांगलंच दुखते. मंग जबडा जड होते, आणि काढल्यावर दोन-चार दिवस पुन्हा दुखते. यंदा सूज असताना बसू नको, आधी येऊन गोळ्या घे, सूज उतरू दे. मधात दुखलं तर माही चिठ्ठी आठवत बसू नको, कोणाचीच आठवू नको, हात वर करजो. मी तुह्या डाव्या बाजूले उभी राहीन. तुह्यानं नाही उचलला तर मी उचलीन.

लोभ होता तेवढाच आहे. भरवसा मात्र अजून दुखून राहिला.

तुही,
सत्यवती