गुणी बाळाची दुसरी आजी

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
नवजात शिशु कक्ष,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : खाट क्रमांक चारच्या बाळाला भेटण्याचा पास विहीणबाईंकडून काढून मला मिळणेबाबत.

संदर्भ : कक्षाच्या दारावरील सूचना, 'बाळाजवळ आईखेरीज एकच नातेवाईक'.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, मी सदर बाळाच्या वडिलांची आई आहे. बाळ चौदा दिवसांचे असून गेले सहा दिवस आपल्याकडे जंतुसंसर्गावर उपचार घेत आहे. आत जाण्याचा एकमेव पास विहीणबाईंकडे, म्हणजे सुनेच्या आईकडे आहे. मी काचेबाहेरच्या बाकावर बसते. बाकाचा एक पाय लंगडा आहे, पण ती तक्रार वेगळी.

१. विहीणबाईंच्या हात धुण्याचे आपल्याकडे फार कौतुक होते. "या आजींसारखे कोपरापर्यंत धुवा," असे परिचारिकाबाई इतरांना सांगतात, हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. सबब मी तीन दिवस भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवली. त्या चाळीस सेकंद धुतात. बुधवारी सकाळी अडतीसच भरले. मी घरी पूर्ण साठ सेकंद धुते आणि माझ्या हातांची सालपटे निघाली आहेत. हवी तर दाखवीन.

२. मला आत न सोडण्याचे कारण बोटातली अंगठी, असे सांगण्यात आले. अंगठीखाली जंतू राहतात म्हणे. ती ह्यांनी घातलेली असून एकतीस वर्षांत निघालेली नाही, साबण लावूनही हलली नाही. विहीणबाईंची बोटे बारीक, त्यांचे काय जाते?

३. बाळाचे दुखणे विहीणबाईंनी ओळखले, असे सून म्हणते, मुलगा म्हणतो आणि आपणही म्हणता. वस्तुस्थिती अशी की, त्या दिवशी सकाळपासून बाळाजवळ मीच होते. ते रडत नव्हते. दुधाला उठवले तरी दोन घोट घेऊन मान टाकत होते. मी घरात सर्वांना सांगितले, "किती गुणी बाळ! आजीवर गेलंय. उठवू नका त्याला." दुपारी विहीणबाई आल्या. त्यांनी तळपायाला टिचकी मारली, बाळ कुरकुरलेही नाही. पोटाला हात लावून त्या म्हणाल्या, "अहो, हे गुणी नाही, मलूल आहे. अंग गार लागतंय. आत्ताच्या आत्ता चला." मला इतका राग आला की गाडीत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तान्ह्याला ताप येतोच असे नाही, दूध सोडणे, गार पडणे, गप्प होणे हीच धोक्याची खूण, हे मला आपण सांगितल्यावर कळले. मी तीन मुले वाढवली आहेत आणि तिघांनाही गुणी म्हणत आले.

४. बाळाला घरी सोडताना 'बेंबी कोरडी ठेवा, काहीही लावू नका' असे आपण बजावले होते. मला ते मान्य होते. पण तेच विहीणबाईंनी मला, माझ्याच घरात, चारचौघांत पुन्हा सांगितले. ते मला झोंबले. म्हणून त्यांची पाठ वळल्यावर मी बेंबीला तेल लावले. दोन दिवस लावले, याच अंगठीच्या बोटाने. बेंबीभोवती लाली कशाने, असे आपण विचारलेत तेव्हा मी खाली पाहत होते. विहीणबाई म्हणाल्या, "कपडा घासला असेल."

कपडा घासला नव्हता, हे आपल्या माहितीसाठी सादर. विहीणबाईंना ते ठाऊक आहे, कारण तेलाची वाटी त्यांनीच धुऊन पालथी घातली होती. त्यांनी हे घरात कोणाला सांगितलेले नाही. मी त्यांच्या जागी असते तर सांगितले असते. याचाही मला हेवा वाटतो.

सबब, विषयाची ओळ रद्द समजावी. कागद एकच होता म्हणून नवीन लिहिला नाही. पास त्यांच्याकडेच राहू द्यावा.

फक्त एक विनंती आहे. कालपासून बाळ रडू लागले आहे, असे कळते. काचेतून त्याचे तोंड दिसते, आवाज येत नाही. तरी ते रडेल तेव्हा दार दोन बोटे उघडावे. मी बाकावरून उठणार नाही.

आपली नम्र,
(सही)
खाट क्रमांक चारची दुसरी आजी

दिनांक : बाळाचा चौदावा दिवस

सोबत : अंगठी एक, सोनाराकडून आज सकाळी कापून घेतलेली. पाहून झाल्यावर विहीणबाईंकडे द्यावी. त्या नीट ठेवतील.