एका पासवर्डची वेबसाइट

ता. ४ जून

चि. चिमीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

तू सुचवलेल्या दोन्ही सीएमएस पाहिल्या. कोडला हात न लावता वेबसाइटवरचा मजकूर आपला आपण बदलायचा, एवढं डोक्यात शिरलं. पहिलीत एकच माणूस, एकच पासवर्ड. दुसरीत प्रशासक, संपादक, लेखक असा सगळा दरबार. आपल्या बाइंडिंगच्या दुकानात मी एकटा. अद्वैत मला पूर्वीपासून पटतं, तेव्हा पहिलीच बसव. आणि ‘चामड्याची बांधणी करत नाही’ हे ठळक टाक. लोक उगाच जुने ग्रंथ उचलून आणतात.

लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर वाढेल.

तुझा दादा

ता. ९ जून

ती. दादास, शि. सा. नमस्कार.

अद्वैत कसलं, हट्ट आहे तो! चामड्याचं काम करणारा आपला धाकटा आठ महिन्यांपूर्वी रुसून गेला, आणि तुझ्या तोंडून ‘ये’ निघत नाही. भांडण कशावरून, तर कागद कापायचं नवं मशीन घ्यायचं की नाही! तोही तुझाच भाऊ. फोनवर तुझा खोकला कसा आहे ते विचारतो आणि दादाला सांगू नकोस म्हणतो. सांगितलं नाही हं, लिहिलं.

मी दुसरी सीएमएस बसवली आहे. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, कोणी काय बदललं त्याची नोंद, आणि बदललेलं पुन्हा पहिल्यासारखं करायची सोय. तुझा पासवर्ड सोबत. वहिनीला नमस्कार. रागावून झालं की लोभ असू दे.

तुझी चिमी

ता. १५ जून

चि. चिमीस, आशीर्वाद (या खेपेस मोजून).

धाकट्या बहिणीकडे सल्ला मागावा आणि हाती आज्ञा यावी, हे प्राक्तन. असो. तीन पानं भरली. चामड्याचं ते वाक्य मीच ठळक केलं. तुझी वहिनी म्हणाली, एवढं ठळक कशाला, ज्याला वाचायचं तो वाचेलच.

मग माणसांची यादी उघडली. आपल्या दोघांच्या खाली तिसरा: ‘धाकटा, संपादक’. संपादक! म्हणजे माझ्या मजकुरावर हात चालवायला मोकळा. नाव काढून टाकायचं बटणही मला सापडलं. दाबलं नाही, ते केवळ यंत्राचं पुढे काय होईल या भीतीने. गैरसमज नसावा.

दादा

ता. २१ जून, रविवार

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद, मागची थकबाकी धरून.

आज सकाळी वेबसाइट उघडली. ‘चामड्याची बांधणी करत नाही’ होतं तिथे आता आहे: ‘करतो. मंगळवारपासून.’ नोंदीत धाकट्याचं नाव. थोरल्याला न विचारता छापणं कुठल्या शास्त्रात बसतं? बदललेलं वाक्य पुन्हा पहिल्यासारखं करायची सोय आहे, असं तू म्हणाली होतीस. ती शिकवायची तसदी घेऊ नकोस.

पत्र इथेच आवरतो. त्याच्या टेबलावर आठ महिन्यांचे पुठ्ठे रचून ठेवलेत, कमरेने आत्ताच संप पुकारलाय, आणि मंगळवार परवावर आला.

तुझा दादा