मागच्या दाराची वाट

४ नोव्हें.
बंद झालेल्या छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, जागेवर फिरायचा रस्ता होतोय. ग्वारीघाटकडचा तुकडा माझ्याकडे. रूळ निघालेत, खडी तशीच. खालची मातीची भर पक्की, चढ नावापुरता. काम आवडलं.
नकाशात घरांच्या मागून सलग भिंत आहे. म्हणजे सगळ्यांची मागची दारं कायमची बंद. त्या रांगेत आमचं घर. ऑफिसात सांगितलेलं नाही.

७ नोव्हें.
साहेबांना सुचवलं: जिथे लोकांची वाट आधीच पडलेली आहे, तिथे भिंतीत जागा सोडू. मान्य. "लेकिन मैडम, पगडंडी दिखनी चाहिए. सिर्फ़ बोलने से नहीं चलेगा." बरोबर आहे.
घरी सांगितलं, आपल्याला जागा मिळणार नाही. आपल्या मागच्या दारापुढे कपाट आहे, वाट पडलेलीच नाही. मी लहानपणी रुळांवर जाईन म्हणून बाबांनी लावलेलं.
आई : "तुझ्यापायी बंद झालं, आता तूच भिंत घालून राहिली."


९ नोव्हें.
कपाट स्वयंपाकघरात. मागचं दार उघडं. आई लाइनीपलीकडे सुमनकाकूंकडे गेलेली. पुढून गेलं तर मोठ्या रस्त्याचा वळसा, आणि तिचे गुडघे.
बाबा चहा गाळत होते. "सकाळपासून जाऊन येऊन राहिली. डबा भरला आहे, तरी साखर आणाले गेली."

१३ नोव्हें.
आता काकूपण. दोघी आळीपाळीने.
काकू : "काहून गं इंजिनीअर, किती दिवस चालावं लागते वाट पडाले?"
मी वाकून पाहिलं. गवत वाळत आलंय, फार दिवस लागू नयेत.

१६ नोव्हें.
साहेबांना सांगितलं, त्या रांगेत माझं घर आहे, तो भाग तुम्हीच बघा.
"पहले क्यों नहीं बताया?"
"आपने पूछा नहीं था, सर."
साहेब हसले. मला हलकं वाटलं.
घरी मी एवढंच सांगितलं की परवा साहेब येणार.
आई : "चहा पितात?"

१८ नोव्हें.
पाहणी. आमच्या मागचं गवत दबलंय, माती मात्र दिसत नाही. मी मागे उभी राहिले. दारात आई, इस्त्रीची साडी. "आओ भैया, चाय." साहेब गवतातून गेले. पलीकडून काकूंची हाक, "अच्छा, और हमारे पोहे?" तिकडेही गेले. त्याच वाटेने परत.
संध्याकाळपर्यंत भिंतीसाठी आखलेली चुन्याची रेघ आमच्या दारापर्यंत आली, तिथे थांबली. चुना संपला म्हणून की जागा सोडायची म्हणून, साहेबांनी सांगितलं नाही. पुढची रेघ उद्या.
आई : "सोडली न जागा?"
"उद्या कळेल."
"चलो, मग आज अजून एक चक्कर होते." चप्पल घालू लागली.
मीपण घातली.