बाईंचा आवाज

४ जून
आलो एकदाच्या. आई, मी, दोन ट्रंका आणि आईची ती जड खुर्ची. शाळेच्या मागच्या अंगणात दोन खोल्या मिळाल्या आहेत. आईला दिसत नाही, म्हणून तिनं भिंतींवरून हात फिरवत घर पाहून घेतलं आणि पसंत केलं. पोरांचा गलका ऐकू येतो, वेळ बरा जाईल म्हणाली. मुख्याध्यापिकांना इथे सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. त्या स्वतः किल्ली घेऊन आल्या. गाण्याची खोली चॅपलला लागूनच आहे. पियानोच्या काही पट्ट्या दाबल्या की तशाच बसून राहतात, बोटानं उचलाव्या लागतात. इतकी वर्षं शाळाशाळांतून घसा फोडल्यावर मला एवढंही सुख पुष्कळ आहे.

९ जून
पहिली ते चौथी, एकाचाही सूर लागत नाही. पोरं बेसूर असतात ते ठीक, पण ह्यांचा आवाजच पोकळ आहे, पाणी गेलेल्या नळासारखा. दुसरीत जाड वेण्यांची एक मुलगी आहे, तिला सगळे भोंगा म्हणतात. तिलाही त्यात काही वाटत नाही, हाक मारली की हसत पुढे येते. मोठ्या सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, घाई करू नका. तुम्ही भरपूर गा, मुलं आपोआप उचलतील.

२० जून
भोंग्याचा सूर लागला! अख्खा वर्ग मान वळवून बघत राहिला. घरी येऊन आईला साग्रसंगीत सांगितलं. मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. घसा बसलाय.

२ जुलै
डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. काहीच नाही, विश्रांती घ्या म्हणाले. गाण्याच्या बाईला विश्रांती कोण देणार?
वरच्या सुरावर जाताना माझा आवाज किंचित घासतो, पहिल्यापासूनची खोड आहे. भोंग्यानं तीही उचलली आहे. हसू आलं. थोडा अभिमानही वाटला.

११ जुलै
आता सगळी दुसरी तशीच गाते. डोळे मिटले तर वर्गात मीच मी. हजेरी घेताना मात्र माझ्या तोंडून नुसती खरखर. दुपारी व्हरांड्यात माझाच आवाज कुणाला तरी रांगेत उभं राहा म्हणून दटावत होता. वळून पाहिलं तर पहिलीतली एक चिमुरडी.
फार थकते हल्ली. जिना चढताना कठड्याला धरावं लागतं.

१५ जुलै
चॅपलमधले कपडे धुऊन घड्या घालणारी बाई आज माझ्यापाशी आली. ती कधीच बोलत नाही. तिनं माझ्या गळ्यावर तळवा ठेवला, मग फाटकाकडे बोट दाखवलं. पुन्हा दाखवलं.
मोठ्या सिस्टरना कुजबुजत विचारलं, ती कोण? आधीच्या संगीतशिक्षिका, म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत. गळक्या छपराबद्दल बोलावं तशा थकून बोलल्या.
“मुलांना आवाज कुठून तरी यायलाच हवा ना, बाई. चौथी झाली की मुलं तो घेऊन जातात. मागे उरतात, नवी येतात ती पुन्हा रिकामी.”
मग माझ्यासाठी चहा मागवला.

१६ जुलै
जायचं. ठरलं. आईला सांगायला संध्याकाळी घरी आले तर ती खुशीत. म्हणाली, आज दिवसभर माझ्याजवळ बसलीस, गायलीस, किती बरं वाटलं.
दिवसभर मी शाळेत होते.
सांगायला तोंड उघडलं. नुसता श्वास आला.

१७ जुलै
राजीनामा टेबलावर ठेवून आले. चिठ्ठी लिहून गाडी सांगितली. धावतच घरी—
भोंगा आईच्या पायाशी बसलेली. आईनं विचारलं, कोण आलंय गं?
“शाळेतली बाई आहे, आई. तिला बोलता येत नाही.”
माझा आवाज. माझी “आई” म्हणायची तऱ्हा.
बिचारी, आई म्हणाली. पाणी दे तिला.
मी आईचा हात धरला, माझ्या गालावर ठेवला. तिनं हळूच सोडवून घेतला. परक्याचा सोडवतात तसा. ओढलं तर घाबरली, ओरडली— भोंग्यानं तिला जवळ घेतलं, थोपटलं.

पायरीवर बसलेय. गाडी फाटकाशी उभी आहे. आईशिवाय कशी—
लिहून दाखवावं तर तिला दिसत—
आत गाताहेत. दोघी. आई कधीची गायली नव्हती—
थांबल्या. आई विचारतेय, ती बाई गेली का.
माझा आवाज म्हणतोय, “गेली, आई.”