शेगडी उतरवली, दही लागलं

प्रिय भाऊजी,

तुमची शेगडी परवा बोटीवरून उतरवली. ही बातमी तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून लिहितो आहे. खरं तर मी लिहिणार नव्हतो, पण ताईनं फर्मान काढलं, "ज्यानं उचलली त्यानंच त्यांना कळवायचं." मी म्हटलं, "अगं, उचलायला चौघं होतो." ती म्हणाली, "त्यातला मराठी लिहिता येणारा कोण?" तेव्हा बोटीतल्या त्याच टेबलाशी, तुमच्याच खुर्चीत बसून लिहितो आहे. गुडघे अजूनही भिंतीला लागतात. तेवढं दुरुस्त करून जायला हवं होतं तुम्ही.

कंपनीनं तुम्हाला घरी बसवलं त्या साली तुमच्या बरोबरीच्या कुणी रेझ्युमे पाठवले, कुणी मुलांकडे राहायला गेले. तुम्ही मात्र घर विकून एरी कालव्यावर एक लोखंडी बोट घेतलीत. लांबीला आगगाडीच्या डब्याएवढी आणि रुंदीला त्याच डब्यातल्या बोळाएवढी. विलायतेत असल्या बोटींतून कोळसा वाहत, हे तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, जणू तेवढ्यानं त्याची शंका फिटणार होती. मंडळाच्या गणपतीत लोक ताईला बाजूला घेऊन विचारायचे, "बरे आहेत ना ते?" ताई म्हणायची, "ते बरे आहेत. माझं विचारा."

आणि बोटीच्या मधोमध ती शेगडी. ओतीव लोखंडाची, काळी, पोट सुटलेली, गावातल्या जेवण झालेल्या सावकारासारखी बसलेली. ऑक्टोबरात पेटली की एप्रिलपर्यंत तुम्ही ती विझू द्यायचा नाहीत. झोपताना निखारे राखेत पुरायचे, पहाटे फुंकून जागे करायचे. मी थट्टेनं तुम्हाला आहिताग्नी म्हटलं. घरात अग्नीची स्थापना करून जो तो जन्मभर राखतो, तो आहिताग्नी. पाठशाळेत घालवलेल्या वर्षांचा मला अमेरिकेत झालेला हा बहुधा एकमेव उपयोग. पण तुम्ही थट्टा ऐकून घेणारे थोडेच! पुढच्या ऑक्टोबरात मला इकडे दक्षिणेत, प्लेनोला फोन आला, "शास्त्रीबुवा, काडी हातात धरून उभा आहे. मंत्र म्हणा." मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, काचा वर करून मंत्र म्हटले. बाहेर नव्वद डिग्री फॅरनहाइट ऊन होतं. तुमच्याकडे बर्फ भुरभुरत होता. पुढे ती प्रथाच पडली, आणि प्रथा पडली की ती मोडण्याची आमच्या शास्त्रात सोय नाही.

मग माझी नोकरी गेली. आठवतं? मी तेव्हा पडदे ओढून दिवसभर टीव्हीपुढे बसायचो. ज्याला त्याला सल्ला सुचत होता. कोणी जावा शीक म्हणायचं, कोणी परत जा म्हणायचं, एकानं तर नवग्रहांची शांत सुचवली, तीही मलाच! तुम्ही विमानाचं तिकीट पाठवलंत. आल्यावर उपदेश केला नाहीत, हातात कुऱ्हाड दिलीत. तीन आठवडे मी लाकडं फोडली. पहिल्या आठवड्यात लाकडापेक्षा मीच जास्त फुटलो. तुम्ही बाजूला स्टुलावर बसून चहा प्यायचात आणि म्हणायचात, "लाकडाची रेघ बघा, शास्त्रीबुवा. ते स्वतःच सांगतं कुठून फुटायचं ते." तिसऱ्या आठवड्यात मला रात्री झोप लागू लागली. याचे आभार तुमच्या हयातीत मानले असते तर तुम्ही "बरं बरं, ती ओली लाकडं पलीकडे रचा" म्हणाला असतात. म्हणून मानले नाहीत. आता मानतो. आता तुम्हाला विषय बदलता येत नाही.

तुमच्यामागचा पहिला हिवाळा, म्हणजे गेला, ताईनं एकटीनं काढला. अग्नी विझू दिला नाही. आम्ही सगळे फोनवर तिचं कौतुक करत होतो. फोनवरून कौतुक करणं किती सोपं असतं, नाही? फेब्रुवारीत राखेची बादली घेऊन बाहेर पडताना ती धक्क्यावरच्या बर्फावर घसरली. उजवा खांदा गेला. शेजारच्या बोटीतल्या म्हाताऱ्या वॉल्टरनं तिला आत नेलं. ताईनं त्याला शपथ घातली की माझ्या मुलीला कळवायचं नाही. त्या बिचाऱ्यानं उन्हाळ्यापर्यंत दम धरला. मग रेवा सहज भेटायला आली तेव्हा त्यानं चौकशी केली, "हाऊ इज युअर मदर्स शोल्डर?"

तुमची लेक तुमच्यावरच गेली आहे. दूर दक्षिणेत, अल्फारेटाला आपल्या घरी पोचताच तिचा मला फोन. "मामा, धिस इज नॉट अ होम. इट्स अ पाइप. विथ अ फायर इन इट." मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी ऐकलं असतं तर..." ती म्हणाली, "बाबा इज नॉट हिअर टु कॅरी द वूड." यावर तुम्हाला तरी उत्तर सुचलं असतं का? ठरलं असं की थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मी जायचं, ताईला समजवायचं, शेवटी रेवा येईल आणि आईला घेऊन जाईल. मला शिष्टाईला धाडलं. शिष्टाईचा आजवरचा इतिहास मला पाठ आहे. त्यात यश कुणालाच आलेलं नाही, प्रत्यक्ष देवालाही नाही.

ताई माझं सगळं भाषण ऐकत तुमच्या शेगडीवर भाकरी भाजत होती. डाव्या हातानं. मग म्हणाली, "रेवाकडे मला खोली आहे, बाथरूम आहे, टीव्ही आहे. काम नाही."

"तुला आता काम कशाला हवं?"

"सकाळी उठायला." मग भाकरी उलटली. "इथे मी उठते तेव्हा बदकं दारात असतात. वॉल्टरला चहा लागतो. मला इथून जायचं नाही, श्रीधर. पण लाकूडही उचलवत नाही."

"मग कसं करणार?"

"शेगडी बदलते."

आणि भाऊजी, गंमत बघा. ताईला बोटीवरून न्यायला आलेला मी, तुमच्या शेगडीचा वकील झालो! "भाऊजींची शेगडी? एवढी वर्षं राखलेला अग्नी?" असं बरंच काही बोललो. ताईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते गेले. लाकडं माझ्या खांद्यावर आली आहेत. तुझ्या अग्नीला सांग, चार महिने तूच येऊन लाकडं फोड म्हणावं."

रेवाला ताईनंच फोन केला. नवी शेगडी बसवते, एकही लाकूड उचलत नाही, येऊन बघ. बोट उबदार नसली तर तुझ्याबरोबर येते. रेवा म्हणाली, "प्रॉमिस?" ताई म्हणाली, "प्रॉमिस." दोघी सारख्याच हट्टी, त्यामुळे मला खात्री होती की दोघी शब्द पाळणार.

नवी शेगडी पेलेटची. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या, दिसायला थेट म्हशीची पेंड. वरच्या पेटीत त्या ओतायच्या, खाली एक मळसूत्र फिरतं आणि चार चार कांड्या आगीत ढकलतं. पंखा पुढून गरम हवा फेकतो. राख जेमतेम मूठभर. पेलेटची पोती मरीनाचा, म्हणजे या बोटतळाचा, माणूस आत आणून ठेवतो. ताई पोहे मोजायच्या डब्यानं त्या काढते आणि पेटीत टाकते, खांदा न उचलता. पण सगळं चालतं विजेवर! धक्क्यावरून वीज घ्यायची आणि ती गेलीच तर काही तास बॅटरी. तुम्ही काय म्हणाला असतात ते मला स्पष्ट ऐकू आलं, "विजेची परवानगी घेऊन पेटतो, तो कसला अग्नी?"

जुनी बाहेर काढताना तुमची एक करामत उघडकीला आली. आधी शेगडी आत ठेवून मग तुम्ही दाराची चौकट बसवली होती, शेगडीपेक्षा चार बोटं अरुंद! शेगडी बसवणारा रॉय, त्याचा मदतनीस, वॉल्टर आणि मी, चौघं तिला कवटाळून दारात अडकलो. रॉयनं विचारलं, "हू बिल्ट धिस?" ताई मागून म्हणाली, "माय हजबंड. ही वॉज अ व्हेरी गुड इंजिनिअर." अभिमानानं म्हणाली की कसं, ते मला सांगता येणार नाही. शेवटी चौकट उखडली.

शास्त्र असं की जुन्या अग्नीतूनच नवा अग्नी न्यावा. मी तुमच्या शेगडीतले शेवटचे निखारे घमेल्यात जपून ठेवले होते. रॉयनं ते पाहिले आणि दोन्ही हात आडवे धरले. म्हणाला, तसं केलं तर आग उलटी वरच्या पेटीत शिरेल. "सर, यू जस्ट प्रेस धिस." ताईनं बटण दाबलं. आत एक तार लाल झाली आणि कांड्या पेटल्या. घमेल्यातले तुमचे निखारे धक्क्यावर राख होत गेले. मी शेजारी उभा होतो. मंत्र म्हणावेसे वाटले नाहीत.

त्याच संध्याकाळी रेवा आली. आल्या आल्या कोट न काढता तिनं हात शेगडीपुढे धरला, मग भिंतीला लावला, मग पलंगाखाली घालून बघितला. कस्टम्सवाले बॅग तपासतात तशी तिनं बोट तपासली. ऊब होती. तरी तिनं कोट काढला नाही. ताई म्हणाली, "नवी चूल आहे. दूध उतू घालू." तुमच्या शेगडीच्या वेळी तुम्ही इतकं जोरात उतू घातलं होतं की सगळ्या बोटीत आठवडाभर करपल्याचा वास होता. ताईनं पातेलं नव्या शेगडीच्या माथ्यावर ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. आम्ही तिघं टक लावून बसलो.

दूध काही वर येईना. सगळी उष्णता पंखा पुढे फेकतो, माथा नुसता कोमट. बराच वेळ गेला. रेवा हळूच म्हणाली, "आई, इट्स नॉट डिझाइन्ड फॉर दॅट." ताईचा चेहरा पडला. बाहेर बर्फात पडलेली आणि कुणाला न सांगणारी ताई दुधाच्या पातेल्यासमोर खचली. मी शकुनअपशकुन शिकलेला माणूस, पण उगाच पातेल्याला हात लावून बघत बसलो. ताई म्हणाली, "राहू दे तिथेच," आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. रेवानं आईची सूटकेस कुठे असते असं मला विचारलं.

आता तुम्हाला विरजणाची गोष्ट आठवत असेलच. थंडीत या बोटीत दही कधी लागलं नाही. तुमच्या शेगडीजवळ ठेवलं तर फाटायचं, लांब ठेवलं तर दूधच राहायचं. तुम्ही पातेल्याला स्वतःचा स्वेटर घातलात, टोपीसुद्धा घातलीत. शेवटी दर नोव्हेंबरात ताई विरजण गावात देशपांडे काकूंकडे हिवाळा काढायला पाठवायची आणि एप्रिलमध्ये माहेरवाशिणीसारखं परत आणायची. "अमेरिकेत सगळं मिळतं, फक्त हिवाळ्यात माझ्या घरी दही नाही," असं तुम्ही पाहुण्यांना ऐकवायचात. या वर्षी गडबडीत विरजण पाठवायचं राहिलं होतं. झोपण्यापूर्वी ताईनं वाटीतलं उरलेलं त्या कोमट दुधात ढवळलं. कशाला? तर दूध वाया जाऊ नये.

सकाळी तिनं झाकण काढलं आणि मला हाक मारली. भाऊजी, सुरीनं वड्या पाडाव्यात असं दही! पातेलं तिरपं केलं तरी हललं नाही. ताई पातेल्याकडे बघत होती आणि मग ती हसली, खूप दिवसांनी, तोंडावर पदर न घेता. "यांना हवं होतं ना," एवढंच म्हणाली.

तिघांनी कोपऱ्यातल्या छोट्या गॅसवर भाजलेली भाकरी आणि दही खाल्लं. रेवानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग तिसऱ्यांदा. वाटी पुसताना म्हणाली, "बाबा वूड हॅव बीन सो मॅड. त्यांनी इतकी वर्षं ट्राय केलं." आणि मग रडली. ताईनं तिच्या पाठीवरून डावा हात फिरवला.

रेवा काल परत गेली. सूटकेस पलंगाखालीच आहे. जाताना तिनं आईकडे विरजण मागितलं. विमानात हल्ली तीन औंसांच्या वर पातळ पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणून शांपूची छोटी बाटली धुऊन तिच्यात भरलं आणि पारदर्शक पिशवीत घातलं. "सिक्युरिटीवाल्यांना काय सांगशील?" मी विचारलं. ती म्हणाली, "फॅमिली." दारातून वळून आईला मात्र बजावलं, "राखेची बादली वॉल्टर नेईल. यू डोंट टच इट."

निखारे मला नेता आले नाहीत याचं मी दोन दिवस सुतक पाळत होतो. ताईनं मात्र जुन्यातून नव्यात जे न्यायचं ते विरजणाच्या चमच्यातून नेलं होतं, मंत्राशिवाय.

ताई आता विचारते आहे, झालं का लिहून. मी म्हटलं, चौकटीचं कळवलं, शेगडीचं कळवलं. "दह्याचं?" तेही कळवलं. "मग पुरे. त्यांना फार लांब वाचायला आवडत नाही."

तेव्हा आवरतो. तुमची शेगडी भंगारात जाणार नाही. ती धक्क्यावर ताडपत्रीखाली आहे आणि वसंतात ताई तिच्यात कोथिंबीर लावणार आहे. आणि दर ऑक्टोबरात मी इथे येणार. धुराडं झाडून देईन, पोती रचीन, ताईला वर हात करू देणार नाही. तिनं बटण दाबलं की मंत्र म्हणेन, फोनवरून नाही, इथे उभा राहून, मोठ्यानं. वॉल्टरला ऐकू गेले तर जाऊ देत. शब्द दिला, भाऊजी.

तुमचा,
लाकडाची रेघ बघायला शिकलेला मेहुणा,
श्रीधर